कोल्हापूरला जाऊन बघा म्हणणाऱ्यांनो, आधी गाडी चालू आहे का ते बघा

बोगारवेसकर:
पुण्याच्या एका सद्गृहस्थांची पोस्ट फिरत फिरत आमच्या ग्रुपवर आली. सार एवढंच, की बेळगावचा मराठी माणूस १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळी फीत लावतो आणि दुसऱ्या दिवशी कन्नड सिनेमाच्या रांगेत उभा राहतो. मराठी सिनेमा लागला की खुर्च्या रिकाम्या. सीमाभागाचं मराठीपण घोषणेपुरतं. इतकंच प्रेम असेल तर कोल्हापूरला जाऊन बघा की! खाली अंगठ्यांची रास, त्यात आमच्याच गल्लीतले दोघे. म्हणून लिहितोय, लांबेल.

साहेब, "लागला की" म्हणजे नेमका कधी? शुक्रवारी तुमच्याकडं सिनेमा लागतो. आमच्याकडं एकतर लागतच नाही, लागलाच तर आठ-पंधरा दिवसांनी, एक शो, तोही भर दुपारी नाहीतर रात्री दहाला. उद्यमबागेत फाउंड्रीत पाळी करणारा माणूस दुपारी सव्वाबाराला बायकापोरं घेऊन कुठनं जाणार? २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं मल्टिप्लेक्सवाल्यांना दटावलं, मराठीला दुपारी १२ ते रात्री ९ मधली वेळ द्या म्हणून. तो दम सीमेवरच्या शिनोळीच्या नाक्यापर्यंत. त्याच्या अलीकडं आम्ही. २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत तर इकडं कन्नड सिनेमाला करमणूक कर माफ आणि मराठीला भरा, अशी तऱ्हा होती.

आणि कोल्हापूर. २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' लागला होता तेव्हाच इथं कंडक्टरच्या भाषेवरनं मारामारी झाली, आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवर थांबल्या. शंभरावर किलोमीटर चालत यायचं काय आम्ही?

'सैराट' आला तेव्हा आमच्या घरच्या तीन पिढ्या एका रांगेत बसल्या होत्या. आजीनं आयुष्यात पहिल्यांदा थेटरात शिट्टी ऐकली आणि "कोण ते मेलं" म्हणून मागं वळून बघितलं. शिट्टी माझ्या बापानं मारली होती. सांगायचं काय, तर आणा, आम्ही बघतो.

राहता राहिला कन्नड 'कांतारा'. बघितला, दोनदा बघितला, आवडला. मराठीपण जागच्या जागी आहे.

सीमावासी_५६:
लेख फक्कड. मुद्दा मात्र सोयीस्करपणे चुकवलात. शो वाईट वेळेला असतात हे खरं. पण मागणी केली कुणी? ग्लोब थेटरच्या बाहेर कधी दहा पोरं उभी राहिली, की मालक, आम्हाला मराठी पाहिजे? 'केजीएफ'च्या दुसऱ्या भागाला मात्र हीच पोरं पहाटे दाढी करून गेली. मी १९५६ नंतरचा सगळा लढा घरात बघितलाय, आमच्या वडिलांनी लाठ्या खाल्ल्या. आता दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीचं झालं. आमच्या चुलतभावाच्या किराणा दुकानाची पाटी तीनदा रंगवून झाली, मराठी अक्षर आता मुंगीएवढं उरलंय. आणि तुम्ही कांतारा आवडला म्हणून सांगताय! पाट्यांवर लिहा कधीतरी.

बोगारवेसकर:
काका, पाट्यांचा धागा वेगळा काढा, तिथंही येतो. इथं सिनेमा चाललाय.

टॉकीजवाला:
बुकिंगच्या खिडकीत आयुष्य गेलं म्हणून दोन शब्द. पूर्वी रिळांची पेटी एसटीच्या टपावरनं यायची. प्रिंट मोजक्याच, त्यामुळं आधी कोल्हापूर-सांगली, तिथं झिजली की आमच्याकडं. तेव्हा उशीर समजण्यासारखा होता. आता पेटी नाही, नुसती संगणकाची चावी येते, कोल्हापूर आणि बेळगावला एकाच मिनिटाला उघडता येते. तरी उशीर का? कारण मराठीच्या निर्मात्याचं जाहिरातीचं बजेट पुण्या-मुंबईत संपतं. इथं पोस्टर नाही, भिंत नाही, पेपरात पाव पान नाही. मालक म्हणतो, कुणाला माहीतच नाही तर शो कशाला देऊ. मग पहिल्या शोला सहा डोकी येतात आणि मालक म्हणतो, बघा, मी सांगत नव्हतो? मालकाला शिव्या घालू नका, वीजबिल त्याचं त्यालाच भरावं लागतं.

आणि एक गंमत सांगतो. हिंदी सिनेमाच्या धंद्यात बेळगाव, धारवाड, विजापूर अजून मुंबई सर्किटमध्ये धरतात. राज्यं १९५६ ला बदलली, वितरकांच्या वह्या नाही बदलल्या.

सीमावासी_५६:
म्हणजे वितरकाला कळलं ते दिल्लीला कळेना. घ्या लिहून कोर्टात!

कोल्हापुरी कट्टा:
आमच्याकडं या की बघायला, कोण नको म्हणतंय, तांबडा-पांढराही मिळेल. पण खरं सांगू का, तुमचं मराठी ऐकूनच निर्माता घाबरत असेल. निम्मं कानडी, बायका म्हणणार "मी जातो", पोरं म्हणणार "काय करूलाईस बे". सबटायटल कुठल्या भाषेत द्यायचं हाच प्रश्न पडत असेल बिचाऱ्याला.

खानापूरकरीण:
आलं का हे! वाटच बघत होते, नव्हे, वाटच बघत होतो. असंच म्हणतो आम्ही घरात, आजी, आई, मी. आणि दादा, तुमच्या कोल्हापुरातल्या बायका काय म्हणतात हो? पंचगंगेच्या घाटावर उभं राहून कान द्या जरा, मग आम्हाला हसा.

डी.एड.ला पुण्यात होते. वर्गात पाठ घ्यायला उभी राहिले आणि मागच्या बाकावरनं हेल काढून कुणीतरी माझंच वाक्य परत म्हटलं. सगळा वर्ग हसला. बाई पण हसल्या. "तू रावसाहेबांच्या गावची ना," म्हणाल्या. पुलंनी त्या माणसावर जीव लावला होता, लिहिताना स्वतः रडले असतील. यांनी त्यातला फक्त हेल उचलला. तेव्हापासून मराठी मालिकेत बेळगावचं पात्र आलं की मी चॅनल बदलते. येणार तो आचारी नाहीतर वेंधळा पाहुणाच. एकही बेळगावचा डॉक्टर दाखवला नाही कुणी. इथं गल्लीला तीन आहेत.

अनगोळ नाका:
ताई, हाच खरा मुद्दा आहे, वेळा-बिळा सोडा. सैराट करमाळ्याकडच्या बोलीत, अख्ख्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतला. कांतारात कुंदापुराकडची बोली, आमच्या शेजारच्या धारवाडकराला निम्मे शब्द लागेनात, तरी ऋषभ शेट्टीला ७० व्या राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट अभिनेता. ते आपली बोली मोठ्या पडद्यावर बोलतात आणि आपण अजून "हेल जरा कमी करा" ऐकतोय. येळ्ळूरचा नायक, येळ्ळूरचं बोलणं, कुस्तीचं मैदान, बासमतीची शेतं. कोण काढणार?

कोल्हापुरी कट्टा:
काढा की, कोण अडवलंय? तिकीट कोण घेणार तेवढं सांगा. पुण्याच्या माणसाला कळणार नाही, कानडी माणसाला मराठी म्हणून नको, उरले तुम्ही. आणि तुम्ही तर दुपारी सव्वाबाराला जात नाही!

अनगोळ नाका:
'नटरंग'मधला गुणा कागलकर पुण्याला कळला ना? कागल आणि निपाणीच्या मध्ये आहे काय? कोगनोळीचा टोलनाका. टोल भरला की माणूस कळेनासा होतो काय मर्दा?

निपाणी एक्सप्रेस:
निपाणीचं नाव निघालं म्हणून आलो. गुणा करणारा अतुल कुलकर्णी जन्मानं बेळगावचा, वाढला सोलापुरात. मराठीत गाजला, 'आ दिनगळु'सारख्या कन्नड सिनेमातही काम केलं. कुणी त्याला गद्दार म्हटलं नाही. आणि सुलोचनादीदी? लाटकर हे नावच खडकलाटचं. इथनं कोल्हापूरला गेल्या, भालजी पेंढारकरांच्या हाताखाली घडल्या, सुलोचना हे नाव भालजींनीच दिलं. अख्ख्या हिंदी सिनेमाची आई आमच्या चिकोडी-निपाणी भागानं दिली. बेळगाववाले दरवेळी "आमच्या" म्हणून मिरवतात. तेवढं नीट लिहा.

बोगारवेसकर:
खडकलाट बेळगाव जिल्ह्यातच आहे ना भावा?

निपाणी एक्सप्रेस:
जिल्हा कागदावर. बाजारहाट, सोयरीक, दवाखाना सगळं कोल्हापूर. बेळगावला आम्ही शिक्का मारायला येतो.

कोल्हापुरी कट्टा:
हे बरोबर बोलला.

खानापूरकरीण:
दीदींनी हेल लपवला म्हणून चालल्या, हेही लिहा की. सिनेमात त्यांच्या तोंडून खडकलाट ऐकू आलंय का कधी?

निपाणी एक्सप्रेस:
ताई, दीदींबद्दल एक शब्द वाकडा ऐकून घेणार नाही. त्या काळात सगळेच तसं शुद्ध बोलायचे. घरात फोटो आहे आमच्या आईनं लावलेला, देवाच्या शेजारी.

खानापूरकरीण:
वाकडं कुठं बोलले? तोच फोटो आमच्याही आईकडं आहे. माझं म्हणणं, त्यांना लपवावं लागलं. मलाही लावतात. वाचा नीट, मग तोंड सोडा.

सीमावासी_५६:
भांडा, आपापसात भांडा. बंगळूरला हेच पाहिजे. बोली-बिली नंतर. आधी मराठी टिकली पाहिजे, मग तिचे हेल. आणि त्या कन्नडवाल्यांचं कौतुक पुरे. त्यांनी वर्षानुवर्षं दुसऱ्या भाषेतला सिनेमा कन्नडमध्ये डब होऊ दिला नाही, २०१५ ला स्पर्धा आयोगानं दंड केला तेव्हा शुद्धीवर आले. सैराटचा रीमेक केला 'मनसु मल्लिगे', नायिकासुद्धा आपलीच रिंकू नेली. स्वतःचं काय आहे त्यांच्याकडं?

अनगोळ नाका:
काका, रीमेकवर बोलूच नका. 'वेड' तेलुगूवरनं. 'माहेरची साडी' राजस्थानीवरनं. 'बनवाबनवी' हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरनं. शिरा ताणायच्या आधी आपलं ताट बघा. आणि 'उंबरठा'त स्मिता पाटीलचा नवरा कोण? गिरीश कार्नाड. तेव्हा कुणी विचारलं होतं, हा कुठला म्हणून?

सीमावासी_५६:
बनवाबनवीला हात लावायचा नाही.

अनगोळ नाका:
बरं, ती सोडली. 'छावा' बघितलात?

सीमावासी_५६:
पहिल्या दिवशी. रडलो. यात लाज नाही.

अनगोळ नाका:
हिंदी सिनेमा. दिग्दर्शक आपला उतेकर, संभाजी महाराज झाला विकी कौशल, आणि येसूबाई झालेली रश्मिका कोडगूची, पहिला सिनेमाच कन्नड. तिला बघून रडलात तेव्हा लढा कुठं ठेवला होता? सायकल स्टँडवर?

सीमावासी_५६:
वयाचा मान ठेवून बोल. महाराजांसाठी रडलो, त्या पोरीसाठी नाही. आणि तिचे उच्चार मला तेव्हाही खटकले होते.

खानापूरकरीण:
म्हणजे काका, तिच्या हेलाला तुम्ही हसलात. झालं, आला ना धागा जाग्यावर.

टॉकीजवाला:
पोरांनो, आवाज कमी. कामाचं सांगतो. सोमवार ते बुधवार पुढच्या आठवड्याचे शो ठरतात. त्या दिवसांत थेटरला फोन करून विचारायचं, अमुक सिनेमा आहे का, वीस-पंचवीस जणं येतोय, संध्याकाळचा मिळेल काय. शुक्रवारी सकाळी पोस्ट टाकून बोंबलण्यात अर्थ नाही. भजनी मंडळाच्या बायकांनी एकदा असंच केलं होतं, मालकानं मुकाट शो दिला, वर मध्यंतरात चहा. ग्रुपवर दोनशे माणसं आहेत तुमच्या.

बोगारवेसकर:
काका म्हणतात ती मागणी म्हणजे हीच असेल तर त्यांचं अर्धं बरोबर होतं. अर्धंच. पुण्याच्या सद्गृहस्थांचं तेवढंही नाही. टॉकीजवाले, कुणाला फोन करायचा ते मला खासगीत कळवा.

कोल्हापुरी कट्टा:
सबटायटल लागलं तर मला बोलवा, फुकट करून देतो. आणि खानापूरच्या ताई, आमच्या आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मीबी जातो असंच म्हणतो की रे, गाढवा." विषय मिटला माझ्याकडनं.

खानापूरकरीण:
मिटला म्हणे. माफी कुठाय? आईंना नमस्कार सांगा.

सीमावासी_५६:
तुम्ही सगळे मागं लागलात म्हणून काल रात्री नातवाच्या टीव्हीवर तो कांतारा बघितला. शेवटची वीस मिनिटं चांगली आहेत. बाकी मत तेच.

अनगोळ नाका:
काका! कन्नडमध्ये बघितलात?

सीमावासी_५६:
हिंदीत. कन्नडमध्ये का बघू?

बोगारवेसकर:
मंगळवारच्या बाजारात भाजीवाल्या मावशीशी अस्खलित कन्नडमध्ये घासाघीस कोण करतंय ते आम्ही बघितलंय हं काका.

सीमावासी_५६:
तो भाजीचा व्यवहार आहे. त्याचा इथं काय संबंध?