मदत हवी आहे: केमोच्या गोळ्या घरी हाताळताना

नमस्कार मंडळी. आम्ही अमळनेरचे. आईला कॅपेसिटाबिनच्या 500 मिग्रॅ गोळ्या सुरू झाल्यात, 2 आठवडे घ्यायच्या, 1 आठवडा सुट्टी. जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. गोळी कुटायची नाही, दुसऱ्याने उघड्या हाताने धरायची नाही, गरोदर बाईने तर मुळीच नाही, एवढं समजलंय. आईची गोळ्यांची वाटी लाल दोरा बांधून वेगळी ठेवलीय. पण घरात वहिनींना सहावा महिना आहे, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

खरी अडचण पाण्याची. औषध लघवी-शौचातूनही बाहेर पडतं, म्हणून संडासात झाकण लावून दोनदा फ्लश करा, असं सांगतात. आमच्याकडे नळाला रोज पाणी नाही, फ्लशही नाही, बादलीनेच ओततो. मग किती ओतावं? आणि ओतताना उडतं त्याचं काय? उलटीचे कपडे वेगळे धुतो, पण धुण्याचा दगड एकच. तो कसा साफ करावा? हातमोजे नायट्राइलचेच (एक प्रकारच्या कृत्रिम रबराचे) हवेत का? जळगाव-धुळ्याला सुटे मिळतात का?

डोस बदलला तर उरलेल्या गोळ्या घंटागाडीत टाकायच्या नाहीत हे कळतं. मग द्यायच्या कुठे? मेडिकलवाले परत घेतात का? घरी हे सगळं केलेल्यांनी, नर्स-फार्मासिस्ट असलेल्यांनी कृपया सांगा. डॉक्टरांनाही पुढच्या तपासणीला विचारणारच आहे, पण धुणं तर रोजचं आहे.