फ्लिप्ड क्लासरूम: पोरं व्हिडिओ बघूनच येत नाहीत, काय करू?

थर्मोवाले सर
सेकंड इयर मेकॅनिकलला थर्मोडायनॅमिक्स शिकवतो, वर्गात ६५ पोरं. या टर्मला हौसेनं फ्लिप करायला घेतलं (म्हणजे लेक्चर पोरांनी घरी व्हिडिओवर बघायचं, वर्गात प्रश्न सोडवायचे), रात्री जागून ४०-४० मिनिटांचे व्हिडिओ केले, ग्रुपवर टाकले, आणि वर्गात विचारलं तर जेमतेम दहा जणांनी बघितलेले. मग बाकीच्यांसाठी तेच परत फळ्यावर शिकवतो, म्हणजे डबल काम झालं की हो. वर सिलॅबस मागे पडलाय आणि एचओडी (विभागप्रमुख) विचारतायत हे काय चाललंय. सोडून देऊ का?

चिंचवडची मास्तरीण
सर राग मानू नका, पण परत शिकवता तिथेच गडबड आहे. ज्या दहा जणांनी बघितलं ते दुसऱ्या आठवड्यात मूर्ख ठरतात ना, कशाला बघतील पुन्हा? मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. आता व्हिडिओ १०-१२ मिनिटांचा, सोबत दोन पानांची झेरॉक्स (गावाकडून एसटीनं येणाऱ्यांचा नेट पॅक संपलेला असतो, आणि खरं सांगू का, बरेच जण झेरॉक्सच वाचतात), आणि वर्गात आल्याआल्या तीन प्रश्नांची चिठ्ठी, तिचे मार्क इंटर्नलमध्ये धरते. न वाचता आला तर मागच्या बाकावर बसून वाच, मी थांबत नाही.

वर्गात काय करायचं तर हार्वर्डचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९१ मध्ये फिजिक्सला सुरू केलं तेच. एक प्रश्न टाका, प्रत्येकानं एकट्यानं उत्तर ठरवून ए-बी-सी कार्ड वर करायचं. साधारण ३० ते ७० टक्के बरोबर आले तर शेजाऱ्याशी भांडा म्हणायचं आणि परत कार्ड. तुमच्याच विषयातला घ्या: इन्सुलेटेड टाकी, अर्ध्या भागात आयडियल गॅस, अर्ध्यात व्हॅक्युम, मधला पडदा काढला, तापमान कमी होईल, वाढेल की तेवढंच राहील? बघा कसा गोंधळ होतो ते.

टीवाय_कॉम्प
विद्यार्थी म्हणून बोलू का, एका सरांनी फ्लिप केलं तर मजा येते पण आमच्याकडे तिघांनी एकदम केलं, मग प्रॅक्टिकल संपवून सहाला रूमवर आलं की तीन व्हिडिओ, जर्नल, असाइनमेंट, मेस आठला बंद!! आपसात ठरवून घ्या ना प्लीज.

रिटायर्ड पण ऑनलाइन
फीडबॅक फॉर्ममध्ये 'सर शिकवतच नाहीत' असं येणार, तयारी ठेवा. २०१९ साली हार्वर्डच्याच फिजिक्सच्या वर्गांवर अभ्यास छापून आला होता, ॲक्टिव्ह पद्धतीनं (नुसतं न ऐकता वर्गात स्वतः प्रश्न सोडवत) शिकलेली पोरं टेस्टमध्ये पुढे होती पण त्यांना वाटत होतं की आपण कमी शिकलो. छान लेक्चर ऐकलं की समजल्यासारखं वाटतं, आमच्या जमान्यात तर आम्ही त्यावरच नाव कमावलं 😄 पोरांना हे पहिल्याच दिवशी सांगा आणि एचओडींना पण. पूर्ण विषय नको, एकच युनिट करून बघा.

थर्मोवाले सर
मॅडम, टाकीचा प्रश्न आज स्टाफरूममध्ये टाकला. तेवढंच राहतं हे कळायला दोघा प्राध्यापकांना चहा संपेपर्यंत वाद घालावा लागला, बाहेर काही ढकलायलाच नाही तर काम कुठलं, आणि उष्णताही येत-जात नाही, हे शेवटी क्लार्कच्या टेबलावर डबा आपटत समजावलं. सेकंड लॉचं युनिट सोमवारपासून असं घेतो. कार्ड कापायला मुलीला बसवलंय, ६५ गुणिले ३, ती वैतागलीय.