ग्रेट स्वॅम्प रेफ्युजची फ्रिक्वेन्सी स्कॅनरवर कशी शोधायची?

पाणकोंबडी

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. पक्षी बघायला ग्रेट स्वॅम्प नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्युजमध्ये, म्हणजे इथल्या दलदलीच्या वन्यजीव अभयारण्यात, नेहमी जाणं होतं. प्लेझंट प्लेन्स रोडवर रेफ्युजचे कर्मचारी गाडीतल्या रेडिओवर बोलताना दिसतात. घरात नवऱ्याचा एक जुना हातातला स्कॅनर (रेडिओवरचं बोलणं शोधून ऐकवणारं यंत्र) पडून आहे, फक्त अ‍ॅनालॉग. एफसीसीच्या, म्हणजे रेडिओ परवाने देणाऱ्या सरकारी आयोगाच्या, डेटाबेसमध्ये मॉरिस काउंटी टाकून शोधलं. पोलीस, अग्निशमन, शाळेच्या बस, सगळं सापडलं, पण रेफ्युजचं नाव कुठेच नाही.

रस्ता पाण्याखाली गेलाय का, आज कुठे गवत जाळणार आहेत का, हे कळलं तर सोय होईलच. पण खरं सांगायचं तर ही जागा रोजच्या रोज कशी सांभाळली जाते ते मला ऐकायचंय. स्कॅनर बदलावा लागेल का? आणि असं ऐकणं कायद्यात बसतं का?

मोरिसकर

एफसीसीकडे मिळणार नाही. रेफ्युज यूएस फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसचं, म्हणजे फेडरल सरकारचं. फेडरल खात्यांना फ्रिक्वेन्सी एनटीआयए ही वेगळी सरकारी संस्था देते आणि ती यादी जनतेसाठी खुली नसते. बाकीचं लहरी सांगतील, ते या भागात बरीच वर्षं ऐकताहेत.

लहरी

पाणकोंबडीताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. या दलदलीवर माझा जीव आहे. 1959 मध्ये पोर्ट अथॉरिटीला (न्यूयॉर्क परिसरातली बंदरं-विमानतळ चालवणारी संस्था) इथे जेट विमानतळ बांधायचा होता. आसपासच्या लोकांनी पैसे गोळा करून जमीन विकत घेतली, सरकारला दिली आणि 1960 मध्ये रेफ्युज झालं. ते आजही कसं राखलं जातं हे ऐकावंसं वाटणं मला अगदी योग्य वाटतं.

आता कामाचं. मी इथे फ्रिक्वेन्सीचा एक आकडा लिहून मोकळा होत नाही, त्याला कारण आहे. इंटरनेटवर फिरणाऱ्या कित्येक याद्या जुन्या आहेत. 162 ते 174 मेगाहर्ट्झ या फेडरल पट्ट्यातल्या खात्यांना 1 जानेवारी 2005 पर्यंत 25 ऐवजी 12.5 किलोहर्ट्झच्या अरुंद चॅनलवर यावं लागलं, आणि त्यात बऱ्याच फ्रिक्वेन्सी बदलल्या. यादीतला आकडा फक्त शक्यता म्हणून घ्या. खात्री आपल्या कानांनी करायची.

स्कॅनरमध्ये 162 ते 174 असा सर्च लावा, पायरी 12.5 किलोहर्ट्झ. सुरुवातीलाच 162.400 ते 162.550 मधले हवामान खात्याचे सातही चॅनल लॉकआउट करा, म्हणजे शोधातून वगळा, नाहीतर न्यूयॉर्कच्या 162.550 वर स्कॅनर अडकून बसेल, ते अखंड चालू असतं. 169 ते 172 मध्ये नदीच्या पातळीची माहिती पाठवणारी यंत्रं आणि काही वायरलेस माइकही सापडतात. तेही ओळखून बाजूला काढा. उरतं ते थोडं असतं आणि तेच आपल्या कामाचं.

एडिसनमधून हे करू नका. मध्ये वॉचंगच्या टेकड्या आहेत. उंचावरचा रिपीटर (आलेला सिग्नल जोरात परत पाठवणारं केंद्र) कदाचित घरी ऐकू येईल, पण दलदलीतल्या माणसाच्या हातातला रेडिओ येणार नाही. शोध तिथेच, व्हिजिटर सेंटरच्या आसपास उभं राहून घ्यायचा. सोबतच्या रबरी अँटेनाऐवजी टेलिस्कोपिक अँटेना लावा आणि साधारण 44 सेंटीमीटर बाहेर काढा. 168 मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी तेवढीच येते. एवढ्याने खूप फरक पडतो, पैसे खर्च करण्याआधी हे करून बघा.

वेळ महत्त्वाची. रेफ्युजमध्ये माणसं कमी, बरंचसं बोलणं फोनवर होतं, त्यामुळे ऐन दुपारी तासभर शांतता असू शकते. सकाळी कामाला सुरुवात होताना ऐका. हरणांच्या शिकारीचे दिवस असतात तेव्हा आणि गवत जाळायचं असतं त्या दिवशी बोलणं सर्वात जास्त. स्कॅनरला रेकॉर्डिंगची सोय असेल तर ती चालू ठेवा.

आणि सापडलेला आवाज रेफ्युजचाच कशावरून? इथे नवखी माणसं हमखास फसतात. जवळच मॉरिसटाउन नॅशनल हिस्टॉरिकल पार्क आहे. नॅशनल पार्क सर्व्हिसही फिश अँड वाइल्डलाइफसारखीच फेडरल सरकारच्या इंटिरियर खात्यातली, याच पट्ट्यात बोलणारी. 'जॉकी हॉलो' किंवा 'वॉशिंग्टन्स हेडक्वार्टर्स' ऐकू आलं की ते पार्क समजा. 'प्लेझंट प्लेन्स', 'लाँग हिल रोड', पाणी सोडायची-अडवायची भाषा आली की आपलं रेफ्युज. दुसरी खूण: रेफ्युजची गाडी डोळ्यांसमोर असताना ड्रायव्हर माइक उचलतो त्याच क्षणी स्कॅनर थांबला, तर सिग्नल त्या गाडीचाच असण्याची शक्यता मोठी. त्यावेळी अँटेना काढून ठेवा. तरीही जोरात येत असेल तर शंका नको. गाडी रिपीटरला पाठवते ती फ्रिक्वेन्सी वेगळी आणि रिपीटर परत पाठवतो ती वेगळी. या पट्ट्यात दोन्हींमध्ये ठरलेलं अंतर नसतं, त्यामुळे जोडी ऐकूनच जुळवावी लागते.

पाणकोंबडी

लहरीकाका, मनापासून आभार! आज सकाळी तिथे जाऊन आले. दोन गोष्टी विचारते. एका ठिकाणी शब्द नाहीत, नुसता घर्रर असा सलग आवाज, थोडा वेळ येऊन बंद होणारा. आणि 164 ते 166 च्या दरम्यान एका जागी ठराविक अंतराने स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) क्षणभर उघडतो आणि मिटतो, बोलणं काहीच नाही. हे काय आहे?

लहरी

पहिलं बहुतेक पी25, म्हणजे सरकारी खात्यांच्या रेडिओची डिजिटल पद्धत. इंटिरियर खात्याचा मोठा भाग त्यावर गेला आहे. अ‍ॅनालॉग स्कॅनरला त्यातले शब्द कधीच कळणार नाहीत, पण तुम्ही फ्रिक्वेन्सी शोधलीत, निम्मं काम तिथेच झालं. लगेच महागडा स्कॅनर घेऊ नका. लॅपटॉप असेल तर एक आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ) आणि डिजिटल बोलणं उलगडणारं डीएसडी प्लस सॉफ्टवेअर घ्या. पी25 मध्ये प्रत्येक यंत्रणेचा तीन अंकी-अक्षरी कोड असतो, त्याला एनएसी म्हणतात. तो वहीत फ्रिक्वेन्सीशेजारी लिहून ठेवा. एकाच फ्रिक्वेन्सीवर दूरचं दुसरं कुणी आलं तर तो कोडच वेगळेपणा दाखवतो. एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेलं, असेल तर तिथे थांबायचं, ते फोडायच्या भानगडीत पडायचं नाही.

दुसरं प्राण्याच्या अंगावरचं ट्रान्समीटर असू शकतं. वन्यजीव संशोधक 148-152, 164-166 आणि 216-220 मेगाहर्ट्झ वापरतात. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांसाठी मोटस नावाचं जाळं आहे, अमेरिका खंडात ते 166.380 वर चालतं. ते ऐकून आनंद घ्या, पण ताई, एक कळकळीची विनंती आहे. 164 ते 166 मधली फ्रिक्वेन्सी आणि जागा इथे किंवा कुठेही लिहू नका. ग्रेट स्वॅम्पमध्ये बॉग टर्टल आहेत. हाताच्या पंजात मावणारं ते कासव 1997 पासून फेडरल संरक्षित यादीत आहे आणि पाळीव प्राण्यांच्या चोरट्या बाजारासाठी पकडलं जातं. अँटेना घेऊन सिग्नलच्या दिशेने चालत जाणं अवघड नसतं, म्हणूनच ही माहिती आपल्यापाशीच राहायला हवी. बोलण्याच्या चॅनलबद्दल मला एवढी काळजी वाटत नाही, त्यावरही अधिकारी आत्ता कुठे आहे हे मात्र लगेच पसरवायचं नाही.

मोरिसकर

कायद्याचं राहिलं होतं. सर्वांना सहज ऐकू येईल असं, एन्क्रिप्ट न केलेलं सरकारी बोलणं ऐकायला फेडरल कायद्याची आडकाठी नाही. 1934 च्या कम्युनिकेशन्स अ‍ॅक्टचं कलम 705 सांगतं की ऐकलेलं इतरांना सांगत फिरू नये आणि स्वतःच्या फायद्यासाठी वापरू नये. मोबाइल फोनचे कॉल ऐकणं 1986 पासून बेकायदा. न्यू जर्सीत स्कॅनर बाळगायला अडचण नाही, गुन्ह्यासाठी वापरला तर प्रकरण वेगळं. पण हडसन ओलांडून न्यूयॉर्कमध्ये जाताना गाडीत स्कॅनर लावलेला असेल तर तिथल्या वाहन कायद्याचं कलम 397 लागू होऊ शकतं. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स असलेल्यांना त्यातून सूट आहे.

लहरी

हॅम लायसन्सच्या परीक्षेचा विचार करा ताई. टेक्निशियन वर्गाच्या पेपरात 35 प्रश्न असतात, 26 बरोबर आले की पास. शिकारीच्या तारखा रेफ्युजच्या संकेतस्थळावर जाहीर होतात, त्यातल्या एखाद्या सकाळी, रेफ्युजचा जो भाग तेव्हा सर्वांना खुला असतो तिथेच राहून, डोंगल घेऊन बसा. घर्ररवाल्या चॅनलचा एनएसी मिळाला की इथे लिहा, मी माझ्या वहीशी ताडून बघतो.