नगरपंचायतीचं ऑफिस बायपासला न्यायचं की पेठेतच ठेवायचं?

पेठेतला_रहिवासी:
नमस्कार मंडळी. गावाचं नाव लिहीत नाही, नायतर मुद्दा राहील बाजूला आणि कोण कुणाचा माणूस यावरच गाडी जाईल. बेळगाव जिल्ह्यातलं सीमाभागातलं नगरपंचायतीचं गाव आहे, आठवड्याचा बाजार भरतो, आसपासच्या वाड्यांचा सगळा राबता इथंच. तर मासिक सभेत विषय आलाय की पेठेतलं जुनं कौलारू ऑफिस सोडायचं, बायपासला गायरानात दोन मजली नवी इमारत बांधायची आणि जुन्या जागेवर कमर्शियल कॉम्प्लेक्स उठवायचं. पुढच्या सभेत ठराव पास होईल असं मेंबर सांगूलालेत.

माझा याला सरळ विरोध आहे. ऑफिसात माणूस कशाला जातो, तर घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचा दाखला, ई-खात्याचा (मिळकतीच्या ऑनलाइन नोंदीचा) उतारा, नळाची तक्रार. यातलं एक पण काम श्रीमंत गाडीवाल्याचं म्हणून नसतं, सगळ्यांचं असतं, आणि बरीच माणसं बाजाराला आली की त्याच फेऱ्यात ते उरकून घेतात. बायपासला एसटी थांबत नाही. म्हाताऱ्या माणसानं पेन्शनच्या कागदासाठी मयताचा दाखला काढायचा तर रिक्षा करून जायचं, साहेब नसले तर परत यायचं, दुसऱ्या दिवशी परत रिक्षा. इमारत पाहिजे, नको कोण म्हणतंय, पण ऑफिसच्या मागं कोंडवाड्याची जागा नगरपंचायतीचीच पडून आहे, कित्येक वर्षं तिथं एक जनावर कोंडलेलं नाही, नुसतं रान माजलंय. तिथं बांधा की.

बेळगावात सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इमारत, २०१२ साली हायवेला हलग्याजवळ बांधलं. इमारत देखणी आहे, वाद नाही, पण गावातून उठून तिथं जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. आपण तेच लहान प्रमाणात करायला निघालोय.

लेआउटवाला:
पेठेतला साहेब, राग मानू नका पण हा सगळा पेठेचा विचार झाला. गाव आता पेठेएवढं राहिलंय काय? बायपासच्या अंगाला एवढे नवीन लेआउट (प्लॉट पाडलेल्या वसाहती) पडलेत, आम्ही पण घरपट्टी भरतो, एप्रिलमध्ये ५ टक्के सूट मिळते म्हणून रांगेत उभं राहून भरतो, आणि आमच्याकडं रस्त्यावर दिवा नाही, गटर अर्धवट, घंटागाडी मनात आलं तर येते. ऑफिस आमच्या बाजूला आलं की निदान साहेब लोक रोज त्या खड्ड्यातून जातील, मग तरी रस्ता होईल. पेठेत सगळं ठेवायचं आणि टॅक्स मात्र सगळ्यांनी भरायचा हे किती दिवस चालायचं?

आणि जुन्या ऑफिसची अवस्था तुम्ही लिहिलीच नाही. ऑगस्टमध्ये रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बघा. जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं ताडपत्री घालून ठेवलेली असतात, कौलातनं पाणी, भिंतीला ओल. उद्या एखाद्याचा जुना दाखला त्या भिजलेल्या पानातनं निघालाच नाही तर तो माणूस काय करणार? बाजाराच्या दिवशी पाण्याचा टँकर आत येऊ शकत नाही, घंटागाड्या रस्त्यावर उभ्या. कोंडवाड्याची जागा म्हणता, तिथं गाडी वळवायला तरी येते काय?

पेठेतला_रहिवासी:
रेकॉर्डचं बरोबर आहे, म्हणूनच नवी इमारत पाहिजे म्हटलो. गाड्या, टँकर, कचऱ्याचं शेड, स्टोअर हे सगळं बायपासला जाऊ दे, माझी काहीच हरकत नाही. लोकांची कामं होतात ती खिडकी पेठेत राहू दे एवढंच माझं म्हणणं आहे. आणि तुमच्या रस्त्याचं म्हणाल तर रस्ता आणि दिवा हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी ऑफिस शेजारी असायची गरज पडू नये. ऑफिसशेजारी राहणाऱ्या गल्लीतली गटर कशी आहे ते येऊन बघा, साहेब रोज तिथूनच जातात.

कुंदा_बाजारवाली:
मी बाजारात बसते, भाजी विकते, म्हणून लिहिते. ऑफिस कुठं जायचं ते जाऊ दे, ते बांधायला एवढे पैसे आहेत तर बाजारात बायकांसाठी मुतारी का होत नाही एवढं मला कुणीतरी सांगा. पहाटेच्या बसनं आम्ही येतो, दिवस मावळेपर्यंत बसतो, सकाळपासनं पाणी पीत नाही कारण जायचं कुठं. ओळखीच्या घरात किती वेळा जाणार, त्यांनाही नको वाटतं. जून २०२३ पासनं सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, बायका वाड्यावस्तीतनं जास्त येऊलाल्यात, पूर्वी नवरा यायचा तिथं आता बाई स्वतः माल घेऊन येते, चार पैसे तिच्या हातात राहतात, लई चांगलं झालं. पण बाजार होता तसाच आहे. बाजारपट्टी वसूल करणारा माणूस मात्र एक आठवडा चुकत नाही, पाऊस असू दे नायतर ऊन, टोपली मांडायच्या आधी पावती घेऊन उभा.

कट्टे फुटलेत, वर पत्रा नाही, पावसात प्लास्टिक डोक्यावर घेऊन माल विकतो आम्ही. आणि आता कॉम्प्लेक्स बांधणार त्या जागेवर म्हणता. मग बाजार कुठं बसवणार? गाळा घ्यायला डिपॉझिट कुठनं आणू मी? यावर सभेत एक मेंबर बोलला असेल तर त्याचं नाव मला कळवा, मी जाऊन हात जोडते.

जुना_मेंबर:
मी एक टर्म मेंबर होतो म्हणून पैशाचं थोडं समजावून सांगतो, कारण इथं सगळे एकाच पेटीतले पैसे असल्यासारखं बोलतायत. तसं नसतंय. इमारतीचा पैसा नगरोत्थानमधनं, म्हणजे राज्य सरकारच्या शहरांसाठीच्या योजनेतनं आला तर त्याचा कृती आराखडा वरून मंजूर होतो, त्यातला पैसा मनाला आलं म्हणून मुतारीला वळवता येत नाही. त्यामुळं "इमारत नको मुतारी द्या" ही मागणी चीफ ऑफिसर एका वाक्यात उडवून लावेल.

पण ताई, तुमचा पैसा वेगळ्या खात्यात आहे आणि तो बहुतेकांना माहीत नाही. २०२१ ते २०२६ साठीचा १५ व्या वित्त आयोगाचा जो निधी आपल्यासारख्या लहान गावांना ठरला, त्यातले ४० टक्केच मोकळे. बाकीच्या ६० पैकी ३० टक्के पिण्याच्या पाण्याला आणि ३० टक्के स्वच्छतेला, म्हणजे कचरा, शौचालय वगैरे, बांधूनच दिलेत. म्हणजे बायकांची मुतारी हा इमारतीच्या वाटणीतला विषयच नाही, तिचा पैसा आधीच वेगळा काढलेला आहे. विचारायचं ते हे विचारा की त्या ३० टक्क्यांतनं दरवर्षी काय काय झालं, कामांची यादी द्या. माहिती अधिकारात लेखी अर्ज टाकला की यादी द्यावीच लागते.

दुसरं. मधली बरीच वर्षं आपल्याकडं धड अध्यक्ष नव्हता. अध्यक्षपदाच्या आरक्षणाचा घोळ राज्यभर चालला, दुसऱ्या अडीच वर्षांचं आरक्षण ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालं, तोपर्यंत प्रशासकाचा कारभार. निवडून आलेले मेंबर नुसते नावाला. त्या काळात कामं ऑफिसातच ठरत गेली आणि लोकांना विचारायची सवय मोडली. हा बायपासचा विषय पण तसाच वरनं आलाय असं माझं मत.

लेआउटवाला:
वरनं आला म्हणजे वाईट कसा? खाली विचारत बसलो तर कोंडवाड्याचा वाद अजून दहा वर्षं चालेल.

जुना_मेंबर:
चालू दे की वाद. इमारत पन्नास वर्षं उभी राहणार आहे, सहा महिने चर्चा केली तर काय बिघडतंय.

गाळाभाडे_हिशोब:
कॉम्प्लेक्सच्या बाजूनं कुणीच बोलेना म्हणून मी बोलतो. नगरपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न किती असतंय बघा. घरपट्टी, पाणीपट्टी, ट्रेड लायसन्स, बाजारपट्टी संपलं. त्यात लाइट बिल, मोटरींची दुरुस्ती, पौरकार्मिकांचे (सफाई कामगारांचे) पगार. पगार उशिरा झाला की ते बिचारे काम बंद करून बसतात आणि आपण सगळे नाकाला रुमाल लावून त्यांनाच बोलतो. पेठेतल्या मोक्याच्या जागेवर गाळे काढले तर दर महिन्याला भाडं येईल, सरकारच्या तोंडाकडं बघायला नको. भावनेनं गाव चालत नाही.

पेठेतला_रहिवासी:
भाडं येईल हे कशावरनं? जिल्ह्यात कुठल्याही तालुक्याच्या गावी जाऊन नगरपालिकेचं कॉम्प्लेक्स बघा. खालचे गाळे लिलावात जातात, तेही ज्याच्याकडं डिपॉझिटला पैसा आहे त्यालाच. वरच्या मजल्यावर गिऱ्हाईक चढत नाही, शटर बंद, जिन्यात दारूच्या बाटल्या. आणि आज जी कुंदाताईंसारखी माणसं त्या जागेच्या भोवती बसून पोट भरतात त्यांना उठवून हे करायचं. गाळेच काढायचे तर तळमजल्याला काढा, रस्त्याच्या तोंडावर, आणि भाजी बाजाराला पत्र्याचं शेड त्याच प्लॅनमध्ये दाखवा. प्लॅनच अजून कुणी बघितलेला नाही ही खरी अडचण आहे.

सीमेवरचा_पोरगा:
प्लॅन बघायचा कसा, अजेंडा निघाला तो फक्त कन्नडमध्ये. माझ्या आजीला तर सोडाच, मला पण नीट वाचता येत नाही. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत पण द्यायच्या हे १९५६ पासनंच्या केंद्राच्या धोरणात आहे, १९६१ ला मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत १५ टक्क्यांवर शिक्कामोर्तब झालंय. आपल्या गावात मराठी लोक १५ टक्के काय, निम्म्याच्या वर असतील. मग इमारत कुठं बांधायची हे आम्हाला न कळणाऱ्या कागदावर ठरणार?

आणि अजून एक. घरपट्टीच्या पावतीवर ग्रंथालय कर म्हणून ६ टक्के घेतात. आमच्याकडचं ग्रंथालय म्हणजे एक खोली, मराठी पुस्तकं वरच्या फळीवर धूळ खात. पोलीस भरती, बँकेची परीक्षा करणारी पोरं बेळगावला खोली करून राहतात, घरचे तंबाखू नायतर ऊस विकून त्यांचं भाडं भरतात. जुनी इमारत रिकामी होणारच असेल तर ती दुरुस्त करून अभ्यासिका करा, कौलं बदलली तर भिंती अजून दणकट आहेत.

हळ्ळी_रस्ता:
मी घरात कन्नड बोलतो, लिहितोय मराठी, चुकलं तर सांभाळून घ्या. ऑफिस बायपासला नको याला माझा पाठिंबा आहे, आमच्या हळ्ळीची, म्हणजे खेड्याची माणसं पण बाजाराच्या बसनंच येतात. पण भाषेचा मुद्दा याच अर्जात घालू नका अशी विनंती. तो घातला की डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात फाईल वेगळ्या टेबलावर जाते, पेपरवाले येतात, दोन्हीकडचे झेंडे येतात, आणि मुतारी, कट्टे, खिडकी सगळं मागं पडतं. १९६४ च्या नगरपालिका कायद्यात ठराव थांबवायचा अधिकार डीसीला आहे, तो आपल्या बाजूनं वापरून घ्यायचा असेल तर अर्ज साधा ठेवा.

सीमेवरचा_पोरगा:
दादा, तुमची कळकळ समजते, पण मला नाही पटत. कधीच घालायचा नाही म्हणून म्हणून आमचा मुद्दा कायम पुढच्या अर्जावर ढकलला गेलाय. कन्नड काढा असं मी कुठं म्हणतोय, शेजारी मराठी लावा एवढंच.

कुंदा_बाजारवाली:
पोरा, वेगळा अर्ज कर, मी त्यावर पण अंगठा नाही सही करते. पण मुतारीचा अर्ज अडकू देऊ नका, मी पाया पडते.

जुना_मेंबर:
ताईंचं ऐका. दोन अर्ज करू. पहिला जागेचा आणि बाजाराचा, तो सभेच्या आधी चीफ ऑफिसरला द्यायचा, पोच घ्यायची, एक कॉपी डीसींना. दुसरा नोटिसा मराठीतही द्या म्हणून, तो स्वतंत्र. आमदार-खासदारांना पण आपल्या सभेत मत असतंय, बऱ्याच जणांना हे ठाऊक नाही, तेव्हा त्यांच्या ऑफिसात पण एक एक कॉपी टाका. सरकारनं नेमलेल्या मेंबरांना मत नसतं, त्यांच्यामागं वेळ घालवू नका.

लेआउटवाला:
मुतारी आणि बाजाराच्या शेडसाठी माझी सही घ्या, आमच्या लाईनीतल्या वीस-पंचवीस घरांच्या पण आणून देतो. जागेच्या विरोधात मात्र सही करणार नाही. खिडकी पेठेत आणि बाकी ऑफिस बायपासला म्हणता, म्हणजे दोन ठिकाणी कॉम्प्युटर, दोन ठिकाणी क्लार्क. आत्ताच एक ऑपरेटर रजेवर गेला की ई-खात्याचं काम आठ दिवस बंद पडतं. माणसं कुठनं आणणार?

पेठेतला_रहिवासी:
म्हणून तर सगळं ऑफिस कोंडवाड्याच्या जागेवर आणि फक्त गाड्या-स्टोअर बायपासला, असा अर्ज लिहितोय. ड्रायव्हर आणि वॉचमन तिकडं, क्लार्क सगळे इकडं, जादा माणूस लागत नाही. गाडी वळायची शंका तुमची रास्त आहे, टेप घेऊन उद्या सकाळी मोजूया, तुम्ही पण या. मागच्या गल्लीकडनं फाटक काढलं तर टँकर निघतो असं मला वाटतंय.

लेआउटवाला:
येतो. पण निघाला नाही तर अर्जात तसं लिहायचं.