मदत हवी आहे: पोहण्यासाठी कमी ऑक्सिजनचा मास्क कोणता घ्यावा? (सोलापूर)

विजापूररोड
लवकर उत्तर हवंय, निवड चाचणी महिन्यावर आली आहे. मुलगी 200 मीटरला दीडशेपर्यंत पहिल्या दोघींत असते, शेवटच्या पन्नासला पार गळपटते. टँकवर एका पालकांनी मुलासाठी हायपॉक्सिक मास्क घेतलाय, फरक पडला म्हणतात. कोणता घेऊ? झोपायचा ऑक्सिजन कमी करणारा तंबू पुण्यात भाड्याने मिळतो का? वापरलेल्यांनीच सांगा.

निळी_टोपी
वय? स्ट्रोक कोणता? प्रत्येक पन्नासची वेळ?

विजापूररोड
फ्रीस्टाईलच. मास्कचं सांगा ना.

होटगीकर
मास्क कशाला वो ताई? आम्ही पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलो. तळाची माती वर आणायची पैज लागायची. पोरीला रोज तळाशी बसवा, दम आपोआप वाढतोय.

घाटमाथा
त्यापेक्षा सुट्टीत पंधरा दिवस महाबळेश्वरला ठेवा. थंड हवा, विरळ हवा, दोन्ही मिळेल. सोलापूरच्या उन्हात टँकचं पाणीसुद्धा कोमट होतं.

निळी_टोपी
महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, तेवढ्याने रक्त बदलत नाही. 1997 साली लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन यांनी धावपटूंवर प्रयोग केला तो 2500 मीटरवर राहून, 1250 मीटरवर सराव करून, आणि तोही चार आठवडे. उंचीवर मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतात, मग लाल पेशी वाढतात. तंबूत हवेतला ऑक्सिजन 21 वरून साधारण 15 टक्क्यांवर आणून तीच नक्कल करतात, पण रोज बारा-बारा तास आत काढावे लागतात. शाळेतल्या मुलीचा हा खेळ नाही. आणि मास्क तर ऑक्सिजन कमी करतच नाही, हवा ओढायला जड करतो एवढंच. त्याने फार तर छातीचे स्नायू दमतात. ताई, वेळा द्या.

पाठपोहणी
दम धरण्याचा सराव अगदीच टाकाऊ नाही हं. 1988 ला सोलमध्ये दाइची सुझुकी 100 मीटर बॅकस्ट्रोक पाण्याखालच्या किकवरच जिंकला. आता 15 मीटरची मर्यादा आहे, पण फ्रीस्टाईललाही प्रत्येक टर्ननंतर तेवढं पाण्याखाली जाता येतं. 3-5-7 चे सेट, म्हणजे तीन, मग पाच, मग सात हात मारल्यावर एकदा श्वास, द्यायलाच हवेत.

निळी_टोपी
टर्नसाठी द्या, सर काठावर उभे असताना. पण त्याने रक्त सुधारतं हा गैरसमज आहे. त्यात ऑक्सिजन घटण्यापेक्षा कार्बन डायऑक्साइड साठतो.

मोगरा
केसांसाठी सांगते, टँकमध्ये उतरण्याआधी साध्या पाण्याने केस ओले करून खोबरेल लावा, क्लोरीन कमी शोषलं जातं.

विजापूररोड
ती 14 ची आहे. सर 3-5-7-9 देतात. त्याशिवाय संध्याकाळी टँक रिकामा झाला की ती एकटीच एका श्वासात 50 मीटर मारायचा प्रयत्न करते. आधी भराभर दहा-बारा श्वास घेतले की दम जास्त टिकतो म्हणते. मागच्या आठवड्यात काठावर आल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली होती, दुपारी नीट जेवली नव्हती म्हणून असेल. वेळा मागच्या स्पर्धेच्या : 31, 36, 39, 43.

निळी_टोपी
ताई, बाकी सगळं बाजूला ठेवा. एकटीने दम धरणं आजपासून बंद. जीव गुदमरतो तो कार्बन डायऑक्साइड साठल्याने. भराभर श्वास घेऊन ती तो आधीच बाहेर टाकते, ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही. मग गुदमरल्यासारखं वाटायच्या आतच पाण्यात शुद्ध जाते. चांगली पोहणारी मुलंच यात जातात. आजच सरांना सांगा.

होटगीकर
माझं वरचं सोडा ताई. आमच्या आळीतला एक जण माती आणायला गेला तो वर आलाच नाही. आसरांनी ओढला म्हणाले सगळे. आमच्यात सगळ्यात चांगलं पोहायचा तो. तुमचं वाचून आज हात थरथरतोय.

लॅबवाली
अंधारी आली म्हणताय तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) दोन्ही तपासून घ्या. या वयात पाळी सुरू झालेल्या मुलींत लोह कमी पडणं नेहमीचं आहे. लोह नसेल तर उंचीवर नेऊनही पेशी वाढत नाहीत. जेवणाला लागून चहा देऊ नका, पालेभाजीवर लिंबू पिळा. गोळ्या मात्र रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी दिल्या तरच.

निळी_टोपी
आणि वेळा पाहिल्या. एकूण 2:29 आणि पहिलं पन्नास 31? इथेच दम संपतोय. ते 33-34 मध्ये काढू दे, मधली दोन 37-38 च्या घरात ठेवू दे. सरांकडून 50 मीटरचे आठ सेट, प्रत्येक 37 ला, मध्ये थोडी विश्रांती देऊन करून घ्या.

विजापूररोड
सरांना फोन केला, संध्याकाळी तिला एकटीला उतरू देणार नाहीत. उद्या सकाळी रक्त द्यायला नेते. मास्क नाही घेत. पण 33 मध्ये जा म्हटलं की ती रडते, सगळ्या पुढे जाताना दिसतात म्हणते. हे तिला कसं समजवायचं?