'प्रीपोन' म्हणणारे अडाणी कसे?

दांडियाबझारकर:
काल इथे, आपल्या बडोद्याच्या मराठी मंडळींच्या चर्चेत, कुणीतरी ठणकावून लिहिलं, "तारीख अलीकडे आणण्याला प्रीपोन म्हणणं, हा अडाण्यांचा शब्द. इंग्रजी येणारे ब्रिंग फॉरवर्ड म्हणतात." तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून सविस्तर लिहितो. लॅटिनमध्ये 'पोनेरे' म्हणजे ठेवणं. 'पोस्ट' जोडून कार्यक्रम पुढे ढकलला तर सुशिक्षित, 'प्री' जोडून अलीकडे आणला तर अडाणी? आणि शब्द आपल्याकडच्या बाबूंनीच काढला, असंही नाही. 1913 साली एका वाचकाने न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून तो सुचवला होता, वकिलांना उपयोगी पडेल म्हणून. ऑक्सफर्डच्या कोशात नोंद आहे.

आता 'फॉरवर्ड'चं ऐका. भाचीचा साखरपुडा 21 तारखेचा. वरपक्षाने ग्रुपवर टाकलं, 'ब्रॉट फॉरवर्ड बाय अ वीक'. इंदूरच्या आत्याने ओके लिहिलं आणि 28 चं तिकीट काढलं. 14 ला सकाळी फोन केला, "कुठवर आलीस?" तर ती घरी पापड लाटत होती! दोन वर्षं झाली, अजून बोलून दाखवते. प्रीपोन लिहिलं असतं तर आली असती.

निवृत्त मास्तर:
ती पोस्ट माझी. तीस वर्षं इंग्रजी शिकवलंय. एकाने पत्रात सुचवला म्हणून शब्द रुळत नाही, इंग्लंड-अमेरिकेत तो रुळला नाहीच. आज प्रीपोन चालवून घेतलंत की उद्या 'प्रायर दॅन' येतं. सीनियर, ज्युनियर, प्रायर ही लॅटिनमधली तुलनेची रूपं, त्यांच्यापुढे 'टू'च लागतो. हे सांगता सांगता घसा गेला माझा. आत्याबाईंचं वाईट वाटतं, पण दोष इंग्रजीचा नाही. गुजरातीत 'आधी'ला आणि 'पुढे'ला एकच शब्द, 'आगळ'. त्याने आपलं बडोद्याचं मराठी बिघडलंय, पुढे-मागे कळेनासं झालंय.

रावपुऱ्याचा करसल्लागार:
आधीचं-नंतरचं निघालंच आहे तर माझंही ऐका. 1961 च्या आयकर कायद्यात 'प्रीव्हियस इयर' म्हणजे ज्या वर्षी कमाई झाली ते, 'असेसमेंट इयर' त्याच्या पुढचं. म्हणजे चालू वर्षाला मागचं म्हणायचं! दर जुलैत एकेका अशिलाला हे समजावत बसलोय. 2025 च्या कायद्याने दोन्ही काढून 1 एप्रिल 2026 पासून 'टॅक्स इयर' आणलं. एवढ्याला 64 वर्षं लागावीत?

मांडवीची लेक:
मास्तर, आमचं मराठी बिघडलं हे मागे घ्या. आत्या इंदूरच्या, तिथे कुठली आली गुजराती? 'आगळ कह्युं तेम' म्हणजे आधी सांगितलं तसं, 'आगळ जाओ' म्हणजे पुढे जा. माझ्या सासूबाई गुजराती, सतरा वर्षांत एकदाही घोटाळा झालेला नाही. तुमच्या शुद्ध मराठीतला 'परवा' घ्या की. परवा आला होता, परवा येणार आहे. ह्याच बडोद्यात 1931 साली सयाजीराव महाराजांच्या राज्यात कारभाराच्या शब्दांचा आठ भाषांचा कोश निघाला, त्यात मराठीही आहे, गुजरातीही. तेव्हा कुणाची भाषा बाटली नाही!

निवृत्त मास्तर:
आत्या इंदूरच्या, हे नजरेतून सुटलं. 'आगळ'चं मागे घेतो. पण 'परवा'ला क्रियापदाचा आधार असतो.

दांडियाबझारकर:
मग त्या मेसेजात 'फॉरवर्ड'ला कशाचा आधार होता?

निवृत्त मास्तर:
नव्हता. बरं, बोलताना म्हणा प्रीपोन. कळवताना सरळ तारीख लिहा. 'प्रायर दॅन' मात्र माझ्या हयातीत नाही.

मांडवीची लेक:
आणि "पुढे-मागे कळेनासं झालंय", ते?