शाहिरांच्या डफाने संयुक्त महाराष्ट्र मिळाला का?

गिरणगावकर:
संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले शाहीर म्हणजे सभेआधी गर्दी जमवणारे, असं म्हटलं की मला राग येतो. 1944 साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लालबावटा कलापथक उभं केलं, तेव्हा परळ-लालबागच्या चाळींतल्या कित्येकांना अग्रलेख वाचता येत नव्हता. त्यांना अण्णाभाऊंची मैनेची छक्कड, म्हणजे शाहिरी ढंगाचं गाणं, कळली. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतो, आणि झुरता झुरता शाहीर बेळगाव-कारवार-निपाणीच्या ताटातुटीवर येतो. भाषावार प्रांतरचनेसारखा रूक्ष विषय असा खोलीखोलीत पोचला. एवढं करणारं एक तरी भाषण दाखवा.

सह्यकडा:
छक्कड थोरच आहे. पण राज्य गाण्याने मिळालं नाही. 21 नोव्हेंबर 1955 ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, पुढे हुतात्म्यांचा आकडा शंभरावर गेला. 1957 च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली, तेव्हा दिल्ली हलली. ज्या बेळगावसाठी शाहीर गायले ते 1 मे 1960 ला आलं नाही, अजूनही नाही.

जमैकात तर 22 एप्रिल 1978 ला गायक बॉब मार्लीने शांततेसाठीच्या भर मैफलीत मायकल मॅन्ली आणि एडवर्ड सिआगा या दोन हाडवैरी पक्षनेत्यांचे हात एकत्र धरून उंचावले. तरी 1980 च्या निवडणुकीआधी शेकडो माणसं मारली गेली.

गिरणगावकर:
जमैकाच्या राजधानीतल्या, किंग्स्टनच्या वस्त्या पक्षांच्या टोळ्यांनी वाटून घेतल्या होत्या. एका रात्रीची मैफल त्यांना काय पुरणार? इथे युनियनमध्ये, मोर्चात आणि कलापथकासमोर तीच माणसं होती, वर्षानुवर्षं. 57 ची मतं त्यांचीच ना?

ओवी:
एक सांगायचं राहिलं. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. फाळणीला दहा वर्षंही झाली नव्हती, आणि मुसलमान घरातल्या शाहिरामागे हजारो मराठी माणसं महाराष्ट्राचं गाणं म्हणत होती. शांततेसाठी गाणं काय करू शकतं, याचा मला याहून मोठा दाखला माहीत नाही.

सह्यकडा:
मग 1992-93 ला त्याच मुंबईत दंगली कशा झाल्या?

ओवी:
तेव्हा कलापथक होतं कुठे? 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, कितीतरी कामगार गावी परतले. गाणार कोण, आणि कुणापुढे?